अंगावर काढलेलं दुखणं कागदावर कसं येतं?

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांवरून बराच गदारोळ झाला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, जिल्ह्यात पाहणी झाली आणि आकडा बाहेर आला. पाहणीत आलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण दर सहाजणींमागे एक.

आकडा लागतोच. तो नसता तर 'असं एखाद-दुसरीचं होतं' म्हणून सगळे मोकळे झाले असते. पण तो हातात घेऊन बसलं की पुढचे प्रश्न सुरू होतात. ऑपरेशन करायचं हे कुणी ठरवलं? डॉक्टर नेमकं काय बोलला? पैसे कुठून आणले? टाके सुकायच्या आत उसाच्या फडात जावं लागलं का? आणि सगळ्यात अवघड प्रश्न: त्या बाईच्या लेखी ते ऑपरेशन काय होतं? उपाय, नाइलाज, फसवणूक, की सुटका? 'होय / नाही / सांगता येत नाही' अशा चौकटींत खुणा करून याचं उत्तर मिळत नाही. तिच्याशी बोलावं लागतं, आणि बोलून झाल्यावर त्या बोलण्याचं काहीतरी करावं लागतं. ते 'काहीतरी' काय असतं, त्याबद्दल हा लेख आहे.

समाजकार्य, मानसशास्त्र, नर्सिंग, सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या मुलांच्या प्रबंधात हल्ली एक वाक्य हमखास असतं: 'सदर अभ्यासासाठी अर्धरचित मुलाखती घेऊन थिमॅटिक ॲनालिसिस केले.' वाक्य एका ओळीचं, काम सहा महिन्यांचं. आणि बहुतेकदा त्या सहा महिन्यांत नेमकं काय केलं ते लिहिणाऱ्यालाही धड सांगता येत नाही.

आधी मुलाखत. तिचं एक टोक म्हणजे जनगणनेचा फॉर्म. प्रश्न ठरलेले, क्रम ठरलेला, उत्तरांचे पर्यायही ठरलेले. दुसरं टोक म्हणजे ओट्यावरच्या गप्पा, जिथे विषय पावसावरून लग्नावर आणि लग्नावरून रेशनवर जातो. अर्धरचित मुलाखत या दोन्हींच्या मध्ये बसते. आपल्याजवळ सहा-आठ विषयांची यादी असते, तिला गाइड म्हणतात. एवढ्या गोष्टींवर बोलणं व्हायला हवं, इतकंच त्यात ठरलेलं असतं. कुठला विषय आधी निघेल, कुठल्या शब्दांत विचारायचं, कुठे थांबून खोलात जायचं, हे समोरच्या बाईच्या बोलण्यावरून ठरतं. तिने तिसऱ्याच मिनिटाला सातव्या प्रश्नाचं उत्तर दिलं तर 'त्यावर नंतर येऊ' म्हणायचं नाही. तिथेच बसायचं.

गाइड लिहिणं सोपं वाटतं. एक उदाहरण घेऊ. 'तुम्ही गर्भाशय का काढलं?' प्रश्न सरळ आहे, पण 'का' या शब्दात मराठीत जाब विचारल्याचा सूर असतो. सासू असंच विचारते, मास्तर असंच विचारतात. समोरची बाई लगेच बचाव करू लागते: 'त्रास होता म्हणून.' संपलं. त्याऐवजी 'हे ऑपरेशनचं कसं कसं ठरलं, पहिल्यापासून सांगा ना मावशी' असं म्हटलं, तर ती कुठल्या तरी दिवसापासून सुरुवात करते. ती कुठून सुरुवात करते हीसुद्धा माहितीच असते. एखादी पहिल्या बाळंतपणापासून सुरू करेल, एखादी मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतली त्या दिवसापासून.

दुसरी चूक म्हणजे उत्तर प्रश्नातच भरून देणं. 'ऑपरेशननंतर तुम्हाला अशक्तपणा, कंबरदुखी वगैरे झाली असेल ना?' यावर 'हो' म्हणणं हा शिष्टाचार आहे. शहरातून आलेली मुलगी एवढ्या आपुलकीने विचारतेय, तिला नाही कसं म्हणायचं! त्यापेक्षा 'ऑपरेशन झालं त्या वर्षीचा सीझन कसा गेला?' एवढं विचारून गप्प बसावं.

गप्प बसणं हे या कामातलं सगळ्यात महागडं कौशल्य आहे. माझ्या पहिल्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा मला घाम फुटला होता. चाळीस मिनिटांपैकी निम्मा वेळ माझाच आवाज. मी प्रश्न विचारत होते, समोरच्या बाई दोन सेकंद थांबल्या की घाबरून तोच प्रश्न सोपा करून पुन्हा विचारत होते, आणि शेवटी उत्तरही मीच सुचवत होते. त्या बिचाऱ्या 'हां, तसंच' म्हणत होत्या. ती मुलाखत माझीच झाली, त्यांची नाही. आता मी मुलांना सांगते, मराठीत खोदून विचारायला एक अक्षरजोडी पुरते: 'मग?' तीही जमली नाही तर नुसतं 'हं'. आणि एखादा शब्द अडला तर 'म्हणजे कसं?' पुस्तकांत या प्रोबचे प्रकार पानभर दिलेले असतात. आपल्या आज्या ते न शिकता करायच्या.

जागा आणि वेळ हा आणखी एक घोळ. फडावरच्या बाईचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. मग कोपीवर (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीवर) येऊन चूल, पाणी, लेकरं. ती तुम्हाला वेळ देते म्हणजे झोपेतला वेळ देते. त्यात कोपी ताडपत्रीची, शेजारची कोपी हाताच्या अंतरावर, नवरा बाहेर बिडी ओढत बसलेला. अशा ठिकाणी 'अंगावरून जाणं' या विषयावर कोण मोकळं बोलेल? सीझन संपवून ती गावी आल्यावर, दुपारच्या वेळी, ओळखीच्या आशाताईंच्या घरी बसून तीच बाई वेगळं बोलते. आणि मुकादमाने 'या तुम्ही, मी बायका गोळा करतो' म्हटलं तर काम सोपं होतं, पण त्या मुलाखतीची अर्धी किंमत तिथेच गेली. ज्याची उचल फेडायची आहे त्याने बसवलेल्या बाईला 'मला नाही बोलायचं' म्हणायची सोय असते का? संमतीपत्रावर अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली असं नाही. कागदावर अंगठा म्हटलं की तिला आधी उचलीचाच व्यवहार आठवतो. तोंडी समजावून, तोंडी होकार रेकॉर्ड करणं पुष्कळदा जास्त प्रामाणिक असतं.

आता समजा मुलाखत झाली. तासाभराचं रेकॉर्डिंग शब्दन् शब्द उतरवायला पाच-सहा तास सहज जातात. मागे ट्रॅक्टर चालू असेल तर जास्तच. मोबाइलवरच्या आयत्या टायपिंगने हे उरकावंसं वाटतं. उरकावं, हरकत नाही, पण पुन्हा कानाने ऐकून तपासावं. कारण ती सोय 'न्हाई'चं 'नाही' करते, 'लई'चं 'खूप' करते आणि थांबलेली जागा गाळूनच टाकते. थांबलेली जागा लिहायची असते. हसू लिहायचं असतं, तेही नको तिथे आलेलं हसू आधी.

पुढचं समजावण्यासाठी एक उतारा घेऊ. तो मीच रचला आहे. कुणा खऱ्या बाईचं बोलणं असं चव्हाट्यावर मांडायचं नसतं.

'दोन वरसं अंगावरच काढलं बगा. अंगावरून पांढरं जायचं, कंबर तर धरूनच ऱ्हायची. पन खाडा केला की पाचशे कापतेत. मग दवाखान्यात गेलो तर डाक्टर म्हनला पिशवी खराब झालीय, ठिवली तर कॅन्सर हुईल. आमी म्हनलं काढा. (हसते) लेकरं झालती की. ऑप्रेशनला मुकादमाकडनंच घेतले पैसे. ती उचल आजून अंगावर हाय.'

थिमॅटिक ॲनालिसिस म्हणजे अशा पंधरा-वीस मुलाखतींत पुन्हा पुन्हा दिसणारी अर्थाची सूत्रं शोधणं. या पद्धतीचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा आराखडा व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००६ साली एका लेखात मांडला. त्यात सहा टप्पे आहेत: मजकुरात मुरणं, कोड देणं, कोडांवरून थीम जुळवणं, त्या मूळ मजकुराशी ताडून पाहणं, त्यांना नाव आणि व्याख्या देणं, आणि लिहिणं. जिन्याच्या पायऱ्यांसारखे हे टप्पे एकेक चढून जाता येत नाहीत. चौथ्यावरून दुसऱ्यावर परत यावंच लागतं, आणि एकदाही परत आला नसाल तर काहीतरी चुकलंय.

कोड म्हणजे मजकुराच्या एका तुकड्यावर चिकटवलेली छोटी चिठ्ठी. 'खाडा केला की पाचशे कापतेत' यावर मी लिहीन, 'आजारपणाला दंड'. 'ठिवली तर कॅन्सर हुईल' यावर 'भीती दाखवून सल्ला'. 'लेकरं झालती की' यावर 'काम झालेला अवयव'. कोड नुसता विषय सांगणारा नको, त्या तुकड्यात काय चाललंय ते सांगणारा हवा. 'आर्थिक', 'वैद्यकीय', 'कौटुंबिक' असे कोड दिले की सगळ्या मुलाखती एकसारख्या दिसू लागतात.

आता त्या उताऱ्यात 'अंगावर' हा शब्द किती वेळा आला ते बघा. दुखणं अंगावर काढलं. अंगावरून पांढरं जायचं. उचल अंगावर हाय. एका दमात तीनदा. हाच उतारा आधी इंग्रजीत भाषांतरित करून मग कोड दिले (आपल्याकडे सर्रास असंच होतं, कारण प्रबंध इंग्रजीत आणि मार्गदर्शक प्राध्यापकांना मराठी येत नाही), तर तीन वेगळे कोड तयार होतात: उपचारांना उशीर, श्वेतप्रदर, कर्ज. तीन वेगळ्या फायलींत जातात आणि एकमेकांना कधी भेटत नाहीत. तिच्या बोलण्यात मात्र आजार आणि कर्ज एकाच ठिकाणी राहतात, अंगावर.

हे दिसलं की संशोधकाला आनंद होतो, आणि तिथेच सावध व्हायला हवं. मराठीत 'अंगावर' आपण सगळेच म्हणतो. कुत्रा अंगावर येतो, कामही अंगावर पडतं. शब्द एक आला म्हणून अर्थ एक झाला असं नाही. ही सध्या फक्त शंका आहे. ती घेऊन बाकीच्या मुलाखतींकडे जायचं आणि बघायचं: इतर बायका आजाराबद्दल बोलताना उचलीकडे वळतात का? शब्द वेगळे असले तरी तीच जोडणी दिसते का? चार-पाच ठिकाणी ती आपापल्या वाटेने आली तर धागा पक्का. नाही आली तर कितीही सुंदर असला तरी सोडायचा. मला तो सोडताना त्रास होईल, पण सोडायचा.

तसंच 'आमी म्हनलं काढा'चं. शहरी वाचक लगेच म्हणेल, बघा, 'मी' नाहीच, निर्णय तिचा नव्हता. असेलही. पण गावाकडच्या कितीतरी बायका स्वतःबद्दल बोलताना 'आम्ही'च म्हणतात, चहाबद्दलसुद्धा. बोली माहीत नसलेला माणूस व्याकरणातून शोषण काढून दाखवील. त्या जागी 'आम्ही म्हणजे कोण कोण होतात दवाखान्यात?' हे मुलाखतीतच विचारायला हवं होतं. म्हणून पहिल्या दोन-तीन मुलाखती लगेच उतरवून वाचायच्या असतात. पुढच्या बाईंना काय विचारायचं ते त्या शिकवतात.

आता थीम. इथे बहुतेक प्रबंध आपटतात. विद्यार्थी थीम लिहितात: '१. आरोग्याच्या समस्या, २. आर्थिक समस्या, ३. कौटुंबिक दबाव'. ही कपाटाच्या खणांवरची लेबलं झाली. मुलाखती न घेताही ती लिहिता आली असती. थीममध्ये काहीतरी म्हटलेलं असावं लागतं. माझी कसोटी अशी: थीम पूर्ण वाक्यात सांगता येते का, आणि ते वाक्य चुकीचं ठरू शकतं का? 'आर्थिक समस्या' चुकीची ठरूच शकत नाही. पण 'शरीराची दुरुस्ती सीझनच्या हिशोबात बसवावी लागते' हे वाक्य तपासता येतं. त्याखाली खाडा येतो, दोन वर्षं काढलेलं दुखणं येतं, एकदाच काय ते ऑपरेशन करून टाकण्यातली घाई येते, मुकादमाचे पैसेही येतात. वेगवेगळ्या खणांतल्या गोष्टी एका कल्पनेभोवती गोळा होतात.

आणि मग समजा बाराव्या मुलाखतीत एखादी ताई म्हणते, 'काढली ते लई ब्येस झालं. पाळीची कटकट गेली. फडात पानी न्हाई, कापड बदलाया आडोसा न्हाई. सुटले मी.' तुमच्या थीमला हे पचत नाही. मोह असा होतो की ही मुलाखत बाजूला ठेवावी, किंवा 'तिला अजून जाणीव नाही' असं लिहावं. दोन्ही नको. ती सुटले म्हणते म्हणजे ती सुटली आहे. प्रश्न हा की कशातून. पाणी आणि आडोसा नसलेल्या जागेत पाळी ही शरीराची गोष्ट राहत नाही, ती कामातली अडचण होते. थीमचं वाक्य आता दुरुस्त करावं लागेल. अशी एक उलटी मुलाखत मला दहा सुलट मुलाखतींपेक्षा जास्त शिकवते.

याच कारणाने 'थीम्स उदयास आल्या' हे प्रबंधातलं लाडकं वाक्य मला खटकतं. थीम मजकुरात दडून बसलेली नसते, वर यायला. कुणीतरी वाचलं, कुणीतरी जोडलं, कुणीतरी काही गाळलं. ब्राउन आणि क्लार्क स्वतः हेच सांगत आल्या आहेत. पुढे त्यांनी आपल्या पद्धतीच्या नावाला 'रिफ्लेक्सिव्ह' हे विशेषणही जोडलं. म्हणजे शोधणाऱ्याने स्वतःकडेही बघायचं. मी कोण आहे? माझी जात काय, मी गावची की बाहेरची, मला मूल आहे का, माझ्या घरात कुणी कोयता हातात घेतलाय का? यावरून बायका मला काय सांगतात ते बदलतं, आणि मला त्यात काय ऐकू येतं तेही. हे लपवायचं नसतं, लिहायचं असतं. दोन जणींनी स्वतंत्रपणे कोड देऊन किती टक्के जुळले ते मोजायचीही एक रीत आहे. काही पंथांत ती चालते. या पंथात तिचा फारसा उपयोग नाही, कारण दोघींना वेगळं दिसलं तर त्यावर बोलण्यातच खरी कमाई असते.

मुलाखती किती घ्यायच्या, हा परीक्षेत हमखास विचारला जाणारा प्रश्न. 'नवीन काही येईनासं झालं की थांबा', याला संपृक्तता म्हणतात; हा विचार १९६७ साली ग्लेसर आणि स्ट्रॉस यांच्या ग्राउंडेड थिअरीतून, म्हणजे गोळा केलेल्या माहितीतूनच सिद्धांत उभा करण्याच्या पद्धतीतून, आला. २००६ साली गेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या ६० मुलाखतींवर हे तपासून पाहिलं. घानातल्या ३० मुलाखतींतून निघालेल्या १०९ कोडांपैकी ८० पहिल्या सहा मुलाखतींतच आलेले होते आणि बारापर्यंत १००. तेव्हापासून 'बारा' हा जणू शुभ आकडा झाला आहे. पण ते कोड होते, थीम नव्हे. आणि त्या सगळ्या बायका बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या. तुम्ही बैलांच्या टायरगाडीवाल्या, ट्रॅक्टरवाल्या, ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या, पंचविशीतल्या आणि पन्नाशीतल्या अशा सगळ्या घेणार असाल तर बारात काय होणार?

आणि पंधरा मुलाखतींवरून 'ऐंशी टक्के महिलांनी सांगितले' असं कृपा करून लिहू नये. पंधरांतल्या बाराजणी, एवढंच. टक्केवारी द्यायला ती मोठी पाहणी आहे. मुलाखत आणखी एक गोष्ट सिद्ध करत नाही: डॉक्टर खरोखर 'कॅन्सर होईल' म्हणाला का. त्यासाठी केसपेपर बघावे लागतील, डॉक्टरांना विचारावं लागेल. मुलाखतीतून कळतं ते हे की तिच्यापर्यंत काय पोहोचलं आणि कशाला घाबरून तिने मान डोलावली. ती भीती खरी होती, वाक्य शब्दशः तेच असो वा नसो.

नावं बदलण्याबद्दल थोडं. 'सुमन' हे नाव 'कमल' केलं म्हणजे काम झालं असं वाटतं. पण तीन मुली, नवरा ट्रॅक्टरवर, अमुक साली तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन, एवढं लिहिलं की वस्तीतली कुठलीही बाई ओळखते कोण ती. मुकादमही ओळखतो, आणि पुढच्या वर्षीची उचल त्याच्याच हातात असते. अशा वेळी दोन मुली लिहाव्यात, तालुका गाळावा. अर्थ बिघडत नसेल तिथे तपशील बदलावा, आणि बदलला आहे हे सांगावं.

शेवटी बायकांना त्यांचंच बोलणं परत ऐकवायचं असतं. इंग्रजी प्रबंधाची प्रत ग्रामपंचायतीत ठेवून ते होत नाही. एकत्र बसवून, मराठीत, 'आम्हाला तुमच्या बोलण्यातून असं असं वाटलं, बरोबर आहे का?' म्हणून. त्या दुरुस्त्या सुचवतात. कधी हसतात, कधी म्हणतात, हे तर आम्हाला माहीतच होतं. तेही लिहून घ्यायचं. फक्त जायचं ते दसऱ्याच्या आत. नंतर गाड्या भरून निघाल्या की वस्तीत म्हातारी माणसं भेटतात, नाही तर दाराला कुलूप.